पुढच्या चाकाचा मान

आदरणीय भाऊसाहेब,

कमरेतून वाकवेल तेवढा नमस्कार. (डॉक्टरांनी पुरतं वाकायला मनाई केली आहे, तेव्हा उरलेला नमस्कार पोचला असं समजावं.) आपला गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात डावा दुखतो म्हणाला होतात, त्याच्या आधीच्या पत्रात उजवा. दोन्ही दुखत असतील तर तसं मोकळेपणाने लिहावं, आम्ही इथे दोन्हींची काळजी करायला समर्थ आहोत. वहिनींचा खोकला थांबला का? खोकला थांबला तर बरंच, पण एकदम थांबला असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. आमच्या वखारीतला एक लाकूड मोजणारा असाच अचानक बरा झाला होता.

आपण प्रेमाने पाठवलेला टायर पोचला हे मी मागेच कळवलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते कळवायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी राहू दिलं. आज तुमच्या भगिनी समोरच पाट टाकून बसल्या आहेत आणि 'आता तरी लिहा' म्हणताहेत, म्हणून लिहितो. मागच्या काही पत्रांत मी आपल्या टायरचे जे गुण गायले, तो घसरत नाही, दमत नाही, चिखलाला दाद देत नाही वगैरे, ते सगळं कृपा करून परत द्यावं. ती पत्रं आपण डेपोतल्या जुन्या मंडळींना वाचून दाखवली असं कळलं. त्यांच्याकडूनही परत घ्यावं.

आपल्याला सगळं ठाऊक आहे, पण आपण गोष्ट अर्ध्यात असतानाच सल्ला द्यायला लागता आणि उरलेली अर्धी ऐकायची राहते, म्हणून पहिल्यापासून सांगतो. धाकटी जनावरांची डॉक्टर झाली आणि तिला टेकडीपलीकडचा दवाखाना मिळाला. आपल्या घरापासून खडीच्या क्रशरपर्यंत रस्ता डांबरी आहे, लोण्यासारखा, कारण क्रशरच्या मालकाचे ट्रक त्यावरून जातात. क्रशरच्या फाटकाशी डांबर संपतं. आणि असं संपतं, की जणू डांबर घालणाऱ्याला कुणी तरी जेवायला हाक मारली आणि तो परत फिरकलाच नाही. तिथून दवाखान्यापर्यंत दगड, माती, ट्रकांनी पाडलेले चर, आणि धूळ बसावी म्हणून क्रशरवाले जे पाणी मारतात त्याचा बाराही महिने चिखल. म्हणजे पोरीला अर्धी वाट वाघासारखं पळायचं आणि अर्धी वाट बेडकासारखं. आणि गाडी एकच, माझी जुनी मोटारसायकल. तिचे दोन्ही टायर असे गोटा झाले होते, की त्यांवरून हात फिरवला तर आपल्या डोक्यावरून फिरवल्यासारखं वाटे. (राग नसावा. प्रेमाने लिहिलं आहे.)

आता त्या दवाखान्यावर एक खोली आहे. रिकामी. धाकटीने रुजू झाली त्याच दिवशी जेवताना सांगितलं, की थोडे दिवस येऊन-जाऊन बघते, नाही जमलं तर वरची खोली घेईन. हे तिने मीठ मागावं तसं सांगितलं. तुमच्या भगिनींनी मीठ द्यावं तसं ऐकलं. माझा घास मात्र तोंडातच राहिला. थोरली लग्न होऊन गेली, आता हीसुद्धा गेली तर घरात आम्ही दोघं उरणार, आणि तुमच्या भगिनींचं म्हणणं असं की माझ्याशी बोलायचं होतं तेवढं त्यांचं बोलून झालं आहे. त्या दिवसापासून माझ्यापुरता प्रश्न एवढाच राहिला: टायर जमला तर पोरगी रोज संध्याकाळी घरी, नाही जमला तर खोली.

माझा स्वभाव आपण जाणताच. शाळा मी सातवीपर्यंत पाहिली, आतून थोडी आणि बाहेरून जास्त. त्यामुळे मला जे कळत नाही त्याची मी काळजी करतो, आणि जे कळतं त्याची जरा अधिक करतो. वखारीत गेटवर होतो तेव्हा करवतीवरचे कामगार संध्याकाळी बाहेर पडताना मी त्यांची बोटं मोजायचो. मालक हसायचे, पण माझ्या पहाऱ्यात एक बोट कमी झालं नाही. अशा माणसाने टायर एकट्याच्या अकलेवर कसा घ्यावा? मी विचारत सुटलो. भाऊसाहेब, ती चूक झाली. ज्यांनी जन्मात दुचाकीवर टांग टाकली नाही त्यांची मतं सगळ्यांत पक्की निघाली. न्हावी म्हणाला, टायरची नक्षी खोल हवी, आणि हे सांगताना त्याने वस्तऱ्यानेच खोली दाखवायला सुरुवात केली, तेव्हा मी अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो. शेजारचे मास्तर म्हणाले, टायरपेक्षा चालवणाऱ्याचं चारित्र्य महत्त्वाचं. मास्तरांकडे सायकलसुद्धा नाही, चारित्र्य मात्र भरपूर आहे.

आणि मग मी आपल्याला लिहिलं.

आपण बस डेपोत टायरखात्यावर उभा जन्म काढला. आपला टायर गोणपाटात गुंडाळून बसच्या टपावरून आला तेव्हा मी स्वतः स्टँडवर गेलो होतो. सोडला तर आत कोळ्याचं जाळं होतं आणि जाळ्यात कोळी होता. प्रवासाने तोही दमलेला दिसला. टायर डांबरी वाटेचा, सरळ सरळ रेघांचा, आपल्या माळ्यावर खुंटीला कधीपासून टांगलेला होता ते आपण लिहिलं नव्हतं आणि मी विचारलंही नाही. पण खुंटीच्या जागी त्याला किंचित टोक आलं आहे. गोल वस्तूला टोक आलेलं मी प्रथमच पाहिलं. सोबतच्या चिठ्ठीत आपण लिहिलं होतं की टायर लाथेनं ओळखायचा, लाथ मारल्यावर मऊ लागला तर नालायक. मी मारली. टायर अजिबात नालायक नाही. माझ्या अंगठ्याचं नख अजून काळं आहे. त्याच चिठ्ठीत आपण असंही लिहिलं होतं की कच्च्या वाटेचा वेगळा टायर वगैरे सगळी थेरं आहेत, आमच्या बसगाड्या याच रेघांवर डोंगर चढल्या. असतील चढल्या. पण भाऊसाहेब, बसला सहा चाकं असतात आणि ती पडत नाही. पडलीच तर आत पन्नास माणसं सोबतीला असतात. माझी पोरगी एकटी जाते.

टायर एकच का पाठवला म्हणून विचार करत होतो, तोवर दुसरा दारात आला. थोरलीचे यजमान, आमचे जावईबापू, कचेरीत काम करतात आणि चाकांशी त्यांचा संबंध त्यांच्या फिरत्या खुर्चीपुरता आहे. पण ते मोबाइलवर फार बघतात. त्यात एक दाढीवाला मनुष्य मोटारसायकल नदीतून नेतो. का नेतो, पलीकडे पूल आहे की नाही हे कुणाला विचारत का नाही, ते तो सांगत नाही. त्या दाढीवाल्याच्या भरवशावर जावईबापूंनी एक बटन टायर आणला. त्यावर चौकोनी गुट्टे असतात, उभ्या लावलेल्या विटांसारखे. ते म्हणाले, 'मामांना म्हणावं, डांबर हा रस्त्याचा लाड आहे.' (हे मी आपल्याला कळवणार नव्हतो, पण तुमच्या भगिनी म्हणतात कळवा.) देवाने मोटारसायकलला दोनच चाकं दिली याचा त्या दिवशी मला आनंद झाला. तिसरं असतं तर मास्तरही काहीतरी घेऊन आले असते.

दोन टायर, दोन चाकं, दोन मानकरी. मला वाटलं हिशेब आपोआप जुळला, कुणाचं मन मोडायला नको. पण बसवायला निघालो तेव्हा लक्षात आलं की चाकं दोन असली तरी पुढचं एकच आहे. आपण पोरीचे थोरले मामा, तेव्हा पुढच्या चाकाचा मान आपला. जावयाला मागे कसं टाकायचं? मी त्यांना भीतभीत विचारलं, तर ते उदार मनाने म्हणाले, इंजिनाची सगळी ताकद मागच्या चाकालाच जाते, खरं चाक ते, पुढचं नुसतं दिशा दाखवायला. मी तिथल्या तिथे मागचं त्यांना देऊन टाकलं. ते घरी गेले, तिथे थोरली एवढंच म्हणाली, 'म्हणजे तुम्हाला मागे बसवलं तर.' पुढच्या खेपेला जावईबापू आले ते उंबऱ्यातच बसले आणि चहाचा कप पालथा घातला.

टायरवाल्याकडून मला आधाराची आशा होती. मी त्याला विचारलं, एक असा आणि एक तसा चालेल का? म्हणाला, चालतो ना. मी म्हटलं, पण दोन्ही एकाच जातीचे असलेले बरे ना? म्हणाला, ते तर उत्तमच. मी म्हटलं, मग हे वाईट का? म्हणाला, नाही नाही, हेही उत्तमच. या गृहस्थाला कुणी सांगितलं असतं की चौकोनी चाक बसवायचं आहे, तर त्याने फक्त माप विचारलं असतं. शिवाय टायरच्या अंगावर एक बाण असतो, चाक ज्या दिशेला फिरणार ती दाखवणारा. बसवून झाल्यावर मी तो नीट पाहिला. बाण पुढे दाखवत होता. समाधान वाटलं. मग टायरवाल्याने गाडी जराशी ढकलली, चाक अर्धं फिरलं, आणि बाण खाली आला तो मागे दाखवायला लागला. मी ओरडलो. त्याने पुन्हा ढकलली, बाण वर आला, पुन्हा पुढे. वर असला की पुढे, खाली असला की मागे, आणि गाडीचं वजन तर खालीच! मी त्याला म्हटलं, खालचा बाण सरळ करून दे. तो म्हणाला, करतो ना, आणि चाकावर एक फडकं मारून दिलं. आज मला त्यातलं कळतं, पण त्या दिवशी मी फडकं मारल्यावर निश्चिंत झालो होतो, हेही खोटं नाही.

धाकटी संध्याकाळी आली. गाडीभोवती एक फेरी मारली. एकदा पुढे बघितलं, एकदा मागे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. 'कुणी सुचवलं?' मी अभिमानाने दोघांची नावं सांगितली. ती म्हणाली, 'हं.' भाऊसाहेब, त्या 'हं'मध्ये सगळं होतं. पण मी बाणाच्या विचारात होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी घराच्या फाटकात उभा राहून गाडी कशी धावली ते विचारायला लागलो. ती म्हणायची, 'छान.' घसरली? 'नाही.' एकदाही? 'एकदाही नाही, बाबा.' अंगावर चिखल असायचा, पण तो गोठ्यातला असायचा, वासावरून कळायचं. मी आपल्याला लिहिलं, पुढचा टायर नंबर एक. आपलं उत्तर आलं, 'मी म्हटलंच होतं.' जावयांना सांगितलं, तर त्यांनी कचेरीत पेढे वाटण्याच्या थाटात बातमी वाटली, की मागच्या बटनांनी चिखलाचं कंबरडं मोडलं. पण चहा काही ते पिईनात. शेवटी थोरलीचा संसार सुरळीत राहावा म्हणून मी टायरवाल्याकडून चाकं उलटी करून घेतली: जावई पुढे, मामा मागे. (आपल्याला हे कळवलं नव्हतं. मागच्या पत्रात 'आपला टायर भार समर्थपणे वाहतो आहे' असं मोघम लिहिलं होतं, ते मागे बसल्यावरचं.) उलटी करूनही 'छान'. मग मात्र दोन्ही पक्षांना वाटायला लागलं, की आपला टायर कुठेही बसवा, तो जिंकतोच. नव्या टायरला बारीक रबरी केस असतात, बाळाच्या जावळासारखे. इतके दिवस चिखलदगडांतून जाऊन बटन टायरच्या कडेचे केस जागच्या जागी होते. मी जावयांना बोटाने दाखवले. ते म्हणाले, 'क्वालिटी!' एवढ्यावरून तरी मला कळायला हवं होतं. वखारीत फळीवरचा भुसा बघून मी सांगायचो, ती आज कापलेली की काल. पण पोरीच्या बाबतीत माणसाला जे बघायचं असतं तेच दिसतं.

हवेचा वाद वेगळाच. आपला डेपोचा नियम, हवा ठासून भरा. दाढीवाल्याचा नियम, चिखलात हवा कमी करा म्हणजे टायर पसरून पकडतो. यावर मी तोड काढली. डांबर संपतं तिथे रोज सकाळ-संध्याकाळ मी सायकलचा पंप घेऊन बसेन, जाताना हवा काढून देईन, येताना भरून देईन. मला ती तोड फार आवडली, कारण तेवढंच दिवसातून दोनदा पोरगी दिसली असती. धाकटीचा चेहरा पडला. 'बाबा, नको हं. क्रशरपाशी तर मुळीच येऊ नका.' मला वाटलं, माझ्या छातीची काळजी करते, तिथे धूळ असते. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

आता मुख्य गोष्ट. धाकटीच्या सुट्टीच्या दिवशी ती आईला घेऊन थोरलीकडे गेली होती आणि जावईबापू इकडे आले होते. (दोघी त्यांच्या घरी आणि ते आमच्या, यात काही भांडण नव्हतं असं ते दोनदा म्हणाले.) गाडी दारात होती. ते म्हणाले, एकदा स्वतः चालवून बघतो आणि मामांना लेखी कळवतो. मी म्हटलं, मी साक्षीदार म्हणून मागे बसतो. खरं म्हणजे मला ती वाट बघायची होती. डांबरावर पुढचा बटन टायर असा घुमत होता की लोक गिरणी सुरू झाली म्हणून डबे घेऊन दारात आले. मागे माझ्याखाली आपला टायर. त्याला जे टोक आलं आहे म्हणून वर लिहिलं, ते चाकाच्या दर फेऱ्याला एकदा खालून यायचं, आणि दर फेऱ्याला एकदा मला आपली आठवण यायची. क्रशरपर्यंत इतक्या वेळा आठवण काढली, की आपल्याला उचकी लागली असेल.

डांबर संपलं, चिखल आला, आणि जावईबापूंनी दाढीवाल्यासारखं दोन्ही पायांवर उभं राहून हँडल वळवलं. पुढचं चाक वळलं. ते चिखलात घट्ट रुतून, आज्ञाधारकपणे वळलं. मागचं मात्र सरळ जायचं म्हणत होतं, आपल्या स्वभावाप्रमाणे. मधे आम्ही दोघं. गाडी फार हळू पडली, भाऊसाहेब, एखाद्या वजनदार पाहुण्याने सतरंजीवर बसावं तशी. मी वडील म्हणून आधी मी पडलो. जावईबापू मान राखून माझ्यावर पडले. लागलं कुणालाच नाही, पण चिखलात बसल्याबसल्या वाद सुरू झाला. ते म्हणाले, 'मामांचा टायर लाकूड आहे, लाकूड!' मी म्हटलं, लाकूड मला कळतं, ते याहून मऊ असतं, पण वळवायची घाई कुणी केली? ते म्हणाले, 'तुम्ही मागून मला घट्ट आवळलंत!' मी म्हटलं, मग काय दाढीवाल्याला आवळू?

एवढ्यात क्रशरचा राखणदार आला. त्याने आम्हाला उठवायच्या आधी गाडी उठवली आणि हातात धरून चालता झाला. आम्ही मागे मागे. 'अहो, कुठे नेताय?' तर म्हणाला, 'रोजच्या जागी लावतो की. ताईंची गाडी ना ही? आज ताई नाहीत वाटतं?' पत्र्याच्या शेडखाली एका कोपऱ्यात जमिनीवर ऑइलचा काळा डाग होता, बशीएवढा. त्याने गाडी स्टँडवर लावली. माझ्या गाडीचं इंजिन जिथून गळतं, ती जागा बरोबर त्या डागावर आली. मी कधी त्या डागाकडे बघतो, कधी केसाळ टायरकडे बघतो. राखणदार बिचारा कौतुकाने सांगत होता. ताई रोज सकाळी इथवर येतात, गाडी लावतात, दुधाच्या गाडीत पुढे बसून दवाखान्यावर जातात आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत येतात. पहिल्या दिवशी विचारलं तर म्हणाल्या, 'टायर घरच्यांच्या मानाचे आहेत, ते चिखलात कसे न्यायचे?'

म्हणजे इतके दिवस आपण तिकडे, जावई इकडे आणि मी मधे, ज्या टायरच्या पराक्रमाची पत्रं लिहीत होतो, ते टायर सावलीत उभे होते. एकदाही घसरली नाही ही गोष्ट शंभर टक्के खरी. उभी गाडी कशाला घसरेल?

संध्याकाळी धाकटी आली. आम्ही दोघं धुतलेल्या कपड्यांत शाळकरी पोरांसारखे बसलो होतो. तिने माझ्या कोपरावरचा चिखल पाहिला, तो तिला वासावरून कळला, गोठ्यातला नव्हता. मी फार मोठ्याने विचारलं, 'मला फसवलंस?' ती म्हणाली, 'तुम्ही टायर कसा धावला एवढंच विचारायचात, बाबा. मी कशी गेले ते कधी विचारलंत?' जावई हसले, तर त्यांच्याकडे वळून म्हणाली, 'आणि भाऊजी, तुमच्या दाढीवाल्याला विचारा, डांबरावर पावसात तुमच्या बटनांवर ब्रेक लागतो का. मी पहिल्या दिवशी लावून बघितला. माझ्याआधी एक म्हैस थांबली.' आपल्याबद्दलही ती बोलली. ते तुमच्या भगिनी कळवू नका म्हणतात. त्यात फक्त 'खुंटी' हा शब्द होता एवढं सांगतो.

मग तिने शांतपणे सांगितलं की आता दुधाची गाडी वाट बदलणार आहे, या महिन्यानंतर क्रशरवरून जाणार नाही. तिला हवा तो टायर वेगळाच आहे. मधोमध सलग पट्टा, म्हणजे डांबरावर घुमत नाही आणि ब्रेक लागतो. कडेला खोल खाचा, म्हणजे चिखलात धरतो. दोन्ही चाकांना त्याच जातीची जोडी, एकाच वेळी घेतलेली. ना नुसत्या रेघा, ना नुसते गुट्टे. मी म्हटलं, पोरी, हे आधीच का नाही सांगितलंस? तर म्हणाली, 'पहिल्याच दिवशी जेवताना सांगितलं होतं. खोलीचं सांगितलं, त्याच्या पुढचंच वाक्य होतं. तुम्ही तेव्हा काळजी करत होता.' मी तुमच्या भगिनींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. त्यांनी ऐकलं होतं. मग बोलल्या का नाहीत, तर म्हणे, 'तुम्ही सगळे एवढे रमला होता.'

असो. गुडघ्याला जपा, दोन्ही. वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. पत्रात काही कमी-जास्त लिहिलं गेलं असेल तर जे जास्त असेल ते माझं आणि जे कमी असेल ते तुमच्या भगिनींनी खोडायला लावलेलं, असं धरून चालावं.

आपला,
दाजी

ता. क. आपला टायर परत पाठवणार होतो, पण धाकटीने त्याच्या जागी तात्पुरता जुना गोटा चढवला आणि तो दवाखान्यावर नेला. इंजेक्शन देताना बैल ज्या खांबावर डोकं आपटतात, त्या खांबाला तो बांधला आहे. कालपासून बैल आपटायचे थांबले, असं ती म्हणते. आपटून बघतात आणि थांबतात. तेव्हा आपला टायर कच्च्या वाटेवर चालतो हे आता खरोखर सिद्ध झालं आहे, आणि हे मात्र आपण डेपोत खुशाल वाचून दाखवावं.

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. धाकटीला हवी ती जोडी इथे मिळत नाही. आपल्या जुन्या डेपोच्या पाठीमागे जे दुकान आहे तिथे आहे, तिने फोन करून ठेवायला सांगितली आहे. ती तेवढी उचलून बसने पाठवावी. दोन्ही एकाच जातीचे. निवडू नयेत, लाथ मारू नये, 'त्यापेक्षा हा घ्या' असं दुकानदार म्हणाला तर त्याला 'हं' म्हणावं. सोबत चिठ्ठी नको. घरी आणून खुंटीला तर एक रात्रसुद्धा टांगू नये.

ता. क. जोडी आपल्याकडून आणि जावईबापूंकडून भेट आहे असंच मी सगळ्यांना सांगणार आहे, म्हणजे कुणाचं मन मोडणार नाही. पुढच्या चाकाचा मान अर्थातच आपला, तुम्ही थोरले. (जावईबापूंनाही मी आज असंच पत्र टाकलं आहे. पुढचं चाक त्यांचं, असं त्यात आहे. ते वाचण्यात आलं तर मनावर घेऊ नये.)

ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात धाकटी आली. वरच्या खोलीची किल्ली तिने काल घेऊन ठेवली आहे. टायर वेळेवर आले नाहीत तर असावी म्हणून. मी विचारलं, उघडून बघितलीस का? म्हणाली, 'अजून नाही.' किल्ली इथेच खिळ्यावर आहे, मी लिहितोय तिथून दिसते. भाऊसाहेब, पहिल्या बसने पाठवा.